सेकंदाला पाच चित्रं कमी

आत्या शिडीवर चढून कपाटावरची कॅमेऱ्याची पेटी ओढत होत्या आणि शेजारचे विमावाले खाली शिडी धरून उभे होते. शिडी ते एकाच हातानं धरत. दुसरा हात सल्ला द्यायला मोकळा लागे.

"डावा पाय जरा अलीकडे घ्या, बाई. अहो, या वयात माणसं शिडीवरूनच जातात. अशा किती केसेस माझ्या हाताखालून गेल्यात."

"तुम्ही दोन्ही हातांनी धरलीत तर मी नाही जाणार," आत्या वरून म्हणाल्या.

विमावाल्यांना निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण समोरच्या माणसाकडे बघून त्याचं काय काय होऊ शकतं याचा अंदाज बांधायची सवय काही गेली नव्हती. पेटी खाली आली. तिच्यावरची धूळ इतकी जाड होती की दोघंही खूप वेळ शिंकत राहिले. शिंकता शिंकताच विमावाल्यांनी विचारलं, "एवढं काय अडलंय या पेटीवाचून?"

अडलं होतं ते भाचीच्या फोनमुळे. भाची म्हणजे दादाची, आत्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. राहायची दूर परदेशात. तिथून तिनं फोन केला होता, "आत्या, बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस येतोय. आम्ही सगळे येतोय. तुझ्या त्या टेप्स आहेत ना अजून? त्यातून तासाभराचा छानसा पिक्चर कर ना!"

"मी?"

"मग कोण? त्यात कोण कोण आहे ते तुलाच माहीत. नाहीतर हे म्हणतायत, मोबाईलमधले फोटो एकामागून एक लावून देतो."

"मग कोण?" हे दोन शब्द घेऊन आत्या दिवसभर घरात फिरल्या. चहा करताना त्यांनी ते एकदा मोठ्यानं म्हणूनही बघितले.

एक काळ असा होता की आत्यांच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागल्याशिवाय दादाच्या घरी केक कापला जात नसे. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी तो हाय डेफिनिशनचा कॅमेरा घेतला होता, दुकानातला सगळ्यात भारी. उभा जन्म त्यांनी हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात घालवला होता, त्यामुळे चित्र स्पष्ट नसलं की त्यांना स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटे. पण ज्या हातांनी एक्स-रे काढले त्याच हातांत कॅमेरा आला, आणि तोंडातले शब्दही तेच राहिले. कॅमेरा सुरू झाला की आत्यांच्या तोंडून आपोआप निघे, "श्वास घ्या. धरा. हलू नका!" आणि माणसं खरंच हलत नसत. लग्न असो, बारसं असो, आत्यांच्या टेपमध्ये सगळं घर भिंतीला टेकून, छाती फुगवून उभं. पोरं त्यांना "हलू नका आत्या" म्हणत. आत्यांना राग येत नसे. काहीतरी म्हणत होती, तेवढं पुरे होतं.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. घरातल्या शेवटच्या लग्नात तर भाड्यानं आणलेला फोटोवाला आत्यांना म्हणाला, "आजी, जरा फ्रेमच्या बाहेर होता का?" त्याच संध्याकाळी पेटी कपाटावर गेली. दादाचा फोन पूर्वी दर रविवारी यायचा. हळूहळू दादाच्या जागी वहिनी बोलायला लागल्या, मग कुणाच्या वाढदिवसापुरतं भाची, आणि आता आत्यांच्या मोबाईलवर सकाळी फुलांचं एक चित्र तेवढं येई. फुलांना उलट उत्तर काय द्यायचं हे आत्यांना कधी कळलं नव्हतं.

म्हणून हा पिक्चर व्हायलाच हवा होता. झाला नसता तर जावयाचे मोबाईलमधले फोटो लागले असते आणि आत्या मागच्या रांगेतल्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवायला मोकळ्या झाल्या असत्या.

भाचीनं तिकडेच एक व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि तिकडूनच आत्यांच्या संगणकात शिरून ते बसवून दिलं. पडद्यावरचा बाण आपला आपण इकडून तिकडे पळत होता. घरात कुणी आलं तर आपण कामात लुडबुड करू नये, तशा आत्या हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होत्या. बाण थांबला तेव्हा त्यांना जरा रिकामं रिकामं वाटलं.

टेपमधलं सगळं आधी संगणकात आणायला हवं होतं, आणि कॅमेऱ्याची जुनी वायर ज्याला चालते असं यंत्र गल्लीच्या टोकाच्या "संगणक चिकित्सालया"त होतं. तिथल्या दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत. तो स्वतःही म्हणत असे. त्यानं टेप लावली, थोडा वेळ बघितलं आणि गंभीर चेहरा केला.

"मॅडम, फ्रेम अडकलीय."

"अडकलेली नाही. ते माझे भाऊ आहेत."

"हलत नाहीयेत पण."

"मीच सांगितलं होतं."

डॉक्टरनं यंत्राला एक चापट मारली. दादा हलला नाही. वहिनीही हलल्या नाहीत. डॉक्टर टेप बाहेर काढणार एवढ्यात चित्रात डाव्या बाजूनं एक मांजर आलं, रांगेतल्या सगळ्यांच्या पायांतून शांतपणे फिरलं आणि निघून गेलं. डॉक्टरनं हात मागे घेतला. नंतर एकदाही चापट न मारता त्यानं सगळ्या टेप्स उतरवल्या. मधूनमधून आत्यांकडे मात्र बघत होता.

घरी येऊन आत्यांनी पहिली फाईल सॉफ्टवेअरमध्ये टाकली. सॉफ्टवेअरनं एक राखाडी चौकोन दाखवला आणि खाली लिहिलं : "हा प्रकार ओळखता येत नाही."

आत्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दादाला ओळखत नाही? सबंध आयुष्य एका खात्यात काढलेला, सरळमार्गी माणूस! त्यांनी दुसरी फाईल टाकली, तिसरी टाकली. सॉफ्टवेअर कुणालाच ओळखायला तयार नव्हतं. आत्या पुन्हा चिकित्सालयात.

"सोपं आहे, मॅडम," डॉक्टर म्हणाला. "तुमचा कॅमेरा पॅल पद्धतीचा. सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो. हे सॉफ्टवेअर तिकडच्या पद्धतीचं. याला सेकंदाला तीसच लागतात, त्यात काही घासाघीस नाही."

"म्हणजे पाच कमी?"

"दर सेकंदाला पाच."

"मग ती आणायची कुठून?"

"बनवायची. अलीकडचं चित्र, पलीकडचं चित्र बघून मशीन मधलं अंदाजानं बनवतं."

आत्यांच्या खात्यात अंदाजानं चित्र बनवलं असतं तर नोकरीवरून काढलं असतं. अंदाजाचं फुप्फुस! पण मनाला लागलं ते वेगळंच. त्या दिवशी घरी जाताना, भाजी घेताना, कुलूप उघडताना त्या तोच विचार करत होत्या. आपण तर तिथंच होतो, डोळा लावून उभे होतो, तरी सेकंदाला पाच चित्रं आपल्या हातून सुटली. त्या पाचांत काय झालं असेल? कुणी आपल्याकडे बघून हसलं असेल का? सबंध दुपार असल्या विचारात गेली आणि गॅसवरचं दूध ओतू गेलं.

विमावाल्यांनी सांगितलं, "सरळ कंपनीला फोन लावा. ग्राहक आहात तुम्ही." आत्यांनी लावला. एक बाई गोड आवाजात सारखं सांगत होती की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आत्यांना असं बऱ्याच दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी फोन ठेवला नाही. शेवटी एक खरीखुरी मुलगी बोलली.

"नोंदणी कुणाच्या नावावर आहे, मॅडम?"

"भाचीच्या."

"मग त्यांनाच बोलावं लागेल."

"ती झोपलीय. तिकडे रात्र आहे."

"त्या उठल्या की करा."

"ती उठते तेव्हा तुमचं ऑफिस बंद होतं."

पलीकडे टक टक आवाज झाला. मुलगी काहीतरी शोधत होती. "मॅडम, ही आवृत्ती तुमच्या देशासाठी नाहीये."

"मग मी काय देश बदलू?"

"हो," मुलगी उत्साहानं म्हणाली. "सेटिंगमध्ये जाऊन बदलून बघा. आणि आपल्या आजच्या संभाषणाला पाचपैकी किती तारे द्याल?"

आत्यांनी पाच दिले. मुलगी निदान बोलली तरी होती. मग त्यांनी देश बदलला. त्याबरोबर संगणकातलं घड्याळ उलटं फिरून रात्रीत गेलं, तारीख आणि महिना यांनी जागा बदलल्या, आणि कोपऱ्यात हवामानाचा इशारा आला : जोरदार बर्फ, घराबाहेर पडणं टाळा. बाहेर कपडे वाळायला घालायचं ऊन पडलं होतं. सॉफ्टवेअर तरीही दादाला ओळखेना. पण देश काही आत्यांनी परत बदलला नाही. रोज सकाळी उठून भाचीकडे बर्फ पडलाय की नाही हे त्या बघू लागल्या. आज थांबलाय म्हणजे पोरगी बाहेर पडली असेल, हे कळायचं. फुलांच्या चित्रातून ते कधी कळलं नव्हतं.

मग फुकटात चित्रं बदलून देणारे प्रोग्रॅम झाले. पहिल्यानं तीसचं गणित पुरं केलं, पण त्या नादात सगळ्यांना पळवलं. वहिनी हातात केक घेऊन आल्या त्या चोर मागे लागल्यासारख्या. दादानं भाषण केलं ते पिंजऱ्यातल्या पोपटाच्या आवाजात. विमावाले बिस्किट बुडवत बघत होते.

"तुमच्या वहिनी फार चपळ हो!"

"त्या आयुष्यात कधी पळालेल्या नाहीत," आत्या कडवटपणे म्हणाल्या.

दुसऱ्या प्रोग्रॅमनं वेग बरोबर ठेवला, पण रुंदीत कापलं. सगळं घराणं बांबूसारखं उंच आणि बारीक झालं. वहिनींना ते आवडलं असतं, आणि क्षणभर आत्यांना तोच ठेवायचा मोहही झाला. पण दादाचं डोकं छताला लागत होतं. तिसऱ्यानं वेगही ठेवला, रुंदीही ठेवली, मात्र आवाज हळूहळू चित्राच्या पुढे निघाला. टेपच्या शेवटी शेवटी तर जावयाच्या तोंडून वहिनींचा आवाज येत होता, "आणखी वाढू का?" आणि वहिनी मुकाट उभ्या.

आत्यांनी हात टेकले. वाढदिवस तोंडावर आला होता. भाचीचा संदेश आला, "जमतंय ना, आत्या? नाहीतर राहू दे हं, त्रास करून घेऊ नकोस. हे फोटोंचं बघतील." त्या "राहू दे"नं आत्यांना जेवण गेलं नाही.

"मी केव्हाचा सांगतोय," विमावाले म्हणाले. त्यांनी या आधी काहीच सांगितलं नव्हतं. "तुमचा तो जुना पोटवाला टीव्ही आहे ना? त्याला कॅमेरा जोडा. टेप चालू करा. समोर मोबाईल उभा करा आणि मोबाईलनं त्या टीव्हीचाच व्हिडिओ घ्या. मोबाईल सेकंदाला तीस घेतो. झाली की नाही तुमची तीस?"

आत्यांनी कप खाली ठेवला. एवढ्या वर्षांच्या शेजारात हा माणूस पहिल्यांदाच कामाचं बोलला होता, आणि आता तो हे जन्मभर ऐकवणार हेही त्यांना दिसत होतं.

टीव्ही पुसला. इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांची चळत, चळतीवर मोबाईल, मोबाईलला मागून टेकू म्हणून मिठाची बरणी. पहिल्या खेपेला टीव्हीवर वरून खाली काळा पट्टा सरकायला लागला. दादा दिसे, पट्टा येई, दादा जाई. डॉक्टरनं मोबाईलात काहीतरी बदलून दिल्यावर पट्टा इतका फिकट झाला की माहीत असेल त्यालाच दिसावा. पडदे ओढून घेतले.

"दिवाही घालवा," विमावाले म्हणाले.

"दिवा राहू दे."

हे एक आत्या कुणाचं ऐकत नसत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी डार्करूममध्ये फिल्म धुण्यात घालवली होती. बाहेर पाऊस की ऊन, सकाळ की संध्याकाळ, काही कळायचं नाही. घरी येऊनही एकटीनं अंधारात बसायचं त्यांच्या जिवावर येई. खुर्चीमागचा उंच दिवा दिवसाही चालू असे. तो तसाच राहिला.

"आवाज मोबाईलच घेणार," त्यांनी विमावाल्यांना बजावलं. "तेव्हा तोंडाला कुलूप. एक अक्षर बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय?" विमावाले म्हणाले.

पुढचा आठवडाभर दुपारी आत्या खुर्चीत बसून टेपमागून टेप बघत होत्या. विमावाले कधी येत, कधी जात. आई होती, दादाचे केस अर्धे काळे होते, पोरं गुडघ्याएवढी होती. आत्या तोंडातून ब्र न काढता बसल्या. नंतर कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं.

मोबाईलचा व्हिडिओ सॉफ्टवेअरनं हसत हसत घेतला. आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरचा एकच सल्ला होता, "जोडाजोडी करताना आवाज बंदच ठेवा, मॅडम. मशीन म्हातारं आहे, दम लागतो." आत्यांनी आवाज बंद ठेवून तासाभराचा पिक्चर जोडला. कापाकापीत एक वेगळीच मजा होती. जावयाचं सबंध भाषण त्यांनी अर्ध्या वाक्यात तोडलं. संगणकाचा पडदा वहीएवढा. त्यावर उजव्या कोपऱ्यात एक पांढुरका डाग सारखा दिसत होता, पण तो मशीनच्या म्हातारपणाचा असेल असं धरून त्यांनी सोडून दिला.

वाढदिवसाला दादाच्या मोठ्या खोलीत दुपारचं जेवण झालं. भिंतीवर इस्त्री केलेली चादर लावली. दादा नवा शर्ट घालून मधल्या खुर्चीत. संगणक उचलायला म्हणून विमावालेही आले होते आणि भेटेल त्याला आपली ओळख तांत्रिक सल्लागार अशी करून देत होते. आत्यांनी पहिल्या रांगेत, संगणकाशेजारी खुर्ची घेतली. पडदे ओढले. कुणीतरी म्हणालं, "शू! आत्यांचा पिक्चर." आत्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, पण पदर दोनदा सारखा केला.

चादरीवर दादा, वहिनी, आई, सगळे रांगेत उभे राहिले. टाळ्या झाल्या. आणि त्या सगळ्यांच्या अंगावरून, काचेमागून दिसावी तशी, एक बाई दिसली. खुर्चीत बसलेली, मागे उंच दिवा, हातात कप.

"अय्या, हे कोण?" कुणीतरी विचारलं.

आत्यांनी डोळे बारीक केले. मग त्यांनी कप ओळखला. हाडातली केसाएवढी चीर ओळखणाऱ्या बाईला आठवडाभर स्वतःचं प्रतिबिंब ओळखता आलं नव्हतं. टीव्हीच्या काचेत दिवा पडला होता, दिव्याखाली त्या पडल्या होत्या, आणि मोबाईलनं सगळं इमानानं टिपलं होतं.

तेवढ्यात आवाज आला. टेपमधला नव्हे, त्यांचा स्वतःचा, खोलीतला, जवळचा. "दादा, पोट आत घे की! किती रे सुटलायस."

खोलीत हशा उसळला. आपण हे बोललो? कधी? एकटं राहणाऱ्या माणसाला आपण मोठ्यानं बोलतोय हे कळत नाही. सांगायला दुसरं कुणी नसतं.

चादरीवर काचेतले विमावाले आले, बोट नाचवत म्हणाले, "बाई, छातीत दुखतं का कधी? एकटं असताना दुखलं तर काय कराल?" खरे विमावाले मागून ओरडले, "मी आहे तो! मी!" पुन्हा हशा. मग आईचं चित्र आलं, गाल फुगवून, श्वास धरून उभी. आत्या त्या वेळी "श्वास सोडा" म्हणायला विसरल्या होत्या आणि आई बिचारी वाट बघत राहिली होती. चादरीवरून आत्यांचा आवाज हलकेच म्हणाला, "सोड, आई. सोड आता." या वेळी हसणं जरा कमी झालं.

आत्या संगणक बंद करायला धडपडत होत्या. बाण सापडेना. सापडला तो आवाजाच्या खुणेवर, आणि आवाज आणखी मोठा झाला.

चादरीवर मंडळी दारात उभी होती. टेप आत्यांच्याच घरची, कुठल्या तरी रविवारची; जेवून सगळे निघाले होते, हात हलवत होते. काचेतल्या बाईनंही हात वर केला. "नीट जा," ती म्हणाली. "पोचल्यावर फोन करा." मंडळी जिना उतरून गेली. रिकामं दार राहिलं. बाई दाराकडे बघत होती. "कोण करतंय," ती म्हणाली.

खोलीत कुणी हललं नाही.

"काय म्हणाली ती?" दादानं विचारलं.

वहिनी त्याच्या कानाशी वाकल्या, काहीतरी पुटपुटल्या.

"काय? नीट सांग!"

"अहो, पोचल्यावर फोन करा म्हणाल्या," वहिनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आणि मग म्हणाल्या, कोण करतंय!"

आत्यांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला संगणकासकट पोटात घ्यावं. त्या उठल्या. चादरीवर पुढचा केक कापला जात होता, कुणी बघत नव्हतं.

"मला फोनवर ऐकू येत नाही," दादा म्हणाला. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर. "नुसती खरखर येते. एकदा तू काहीतरी सांगितलंस आणि मी वा, वा म्हणालो. नंतर कळलं, तू बाथरूममध्ये पडलीस ते सांगत होतीस. मग लाज वाटायला लागली. हिला म्हटलं, तूच बोल."

"बाबा, मला नाही सांगितलंत कधी," भाची म्हणाली.

"तू कधी विचारलंस?"

मग सगळ्यांनी केक खाल्ला. पोरांनी पिक्चर पहिल्यापासून परत लावला. या खेपेला ती टेपमधल्या माणसांकडे बघतच नव्हती, काचेतल्या बाईचं पुढचं वाक्य पाठ असल्यासारखं आधीच म्हणत होती. भाची आत्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. "आत्या, तुझ्या एकाही टेपमध्ये तू नव्हतीस. आता सगळ्यांत आहेस."

"चुकून," आत्या म्हणाल्या. पाणउतारा झालेला माणूस एवढंच म्हणू शकतो.

घरी जायला त्यांना बस मिळाली. विमावाले मागे राहिले होते. ते तिसऱ्यांदा पिक्चर बघत होते. आत्यांनी कुलूप उघडलं, दिवा लावला, चपला काढल्या. खिडकीबाहेर अजून चांगलं ऊन होतं. आता खुर्चीत बसायचं म्हटलं तर काय बोलू आणि काय नाही अशी चोरी झाली होती, म्हणून त्या उभ्याच होत्या. फोन वाजला.

"पोचलीस का?" दादाचा आवाज आला.

"पोचले."

"काय?"

"पोचले!" आत्या इतक्या जोरात म्हणाल्या की समोरच्या गच्चीतलं कबुतर उडालं.

"हे बघ, मला एक अक्षर ऐकू येत नाहीये. पण तू बोल. मी फोन ठेवत नाही."

एवढं सगळं बोलायचं साचलेलं, आणि आता एकही शब्द आठवेना. आत्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या की बसला गर्दी नव्हती, खिडकी मिळाली. वहिनींचा केक छान होता, थोडा कोरडा होता, पण हे वहिनींना सांगू नकोस. पलीकडून अधूनमधून "हं" येत होता, बहुतेक चुकीच्या जागी.

"दादा, मी आज वेडी दिसले का रे सगळ्यांसमोर?"

"हो, हो," दादा मोठ्या मायेनं म्हणाला.

"मला वाटलंच," आत्या म्हणाल्या, आणि पाय वर घेऊन त्यांनी पुढचं सांगायला घेतलं.